रॉक मैफल : ऐकण्याची तीन दारे

रॉक संगीताविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, 'हा निव्वळ गोंगाट आहे'. आणि दुसरे, 'तिथे गेल्याशिवाय कळणार नाही'. पहिले मत बहुधा घरातील वडीलधाऱ्यांचे असते आणि दुसरे आमच्यासारख्या मुलामुलींचे. गंमत अशी की आपले मत सिद्ध करण्याच्या भानगडीत दोन्ही पक्ष सहसा पडत नाहीत. गोंगाट कशाला म्हणायचे आणि तिथे गेल्यावर कळते ते नेमके काय, हे कोणीच सांगत नाही. २०२५ च्या जानेवारीत मला अशा एका मैफलीला जाण्याचा योग आला, आणि तोही चक्क वडिलांबरोबर! तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून 'संवेदना' हे प्रकरण मी परीक्षेपुरते वाचले होते. मैफलीनंतर ते पुन्हा उघडले, सरांना प्रश्न विचारून थोडे हैराण केले, आणि त्यातून जे उमगले ते येथे मांडते आहे.

मैफल होती कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाची. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ जानेवारी अशा तीन दिवशी त्यांचे कार्यक्रम झाले. नेरूळ नवी मुंबईत असले तरी जिल्हा आपलाच, ठाणे. आमची तिकिटे पहिल्या दिवसाची, शनिवारची होती. माझ्याबरोबर येणारी मैत्रीण आदल्या रात्री तापाने आडवी झाली. इतक्या खटपटीने मिळालेले तिकीट वाया जाणार म्हणून मी घरात चेहरा पाडून बसले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी येऊ का?"

या साध्या प्रश्नाने मी का चमकले, हे सांगायला हवे. माझ्या बाबांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात सव्वीस वर्षे पॉवर प्रेसवर काम केले. पत्र्यावर प्रेसचा घाव पडतो तो आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. बाबांच्या कानांची शक्ती हळूहळू गेली. पूर्वी ते नाट्यसंगीताचे वेडे होते, शनिवारी भजनालाही जात. मग भजन सुटले, गाण्याचे कार्यक्रम सुटले. लग्नकार्यात कोणी बोलायला आले तर नुसते हसून मान डोलावतात. काही नातेवाइकांचा समज असा की त्यांना गर्व झाला आहे. अशा माणसाने गाण्याच्या कार्यक्रमाला येतो म्हणावे, आणि तेही रॉकच्या! मी म्हटले, "बाबा, तुम्हाला तिथे काही कळणार नाही." ते म्हणाले, "नाही कळले तर बसून राहीन. तू रात्री एकटी परत येऊ नकोस, एवढेच."

दुपारी डोंबिवलीहून ठाणे गाठले आणि तेथून नेरूळची गाडी पकडली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करत गाडी जसजशी पुढे गेली तसतसा डबा तरुण होत गेला. कोणाच्या गालावर रंगीत चांदण्या, कोणाच्या अंगात वाद्यवृंदाचे नाव छापलेला सदरा. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा त्या गर्दीत खिडकीशी शांत बसले होते.

येथे आधीच्या पिढीच्या वाचकांसाठी चार ओळी खर्च करते. ठाणे-डोंबिवलीकर रॉकप्रेमींना पूर्वी अशा अनुभवासाठी थेट मुंबईचे दुसरे टोक गाठावे लागे. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे त्यांचे तीर्थक्षेत्र. १९८० च्या मार्चमध्ये इंग्लंडचा द पोलीस हा वाद्यवृंद तेथे वाजवून गेला. १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा देशी वाद्यवृंदांचा उत्सवही तेथेच सुरू झाला. आजूबाजूला रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे पुढे, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आल्यानंतर, तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. आमच्या एका प्राध्यापकांनी त्या काळची आठवण सांगितली. रंगभवनाहून शेवटच्या कल्याण लोकलने परतताना मित्रांपैकी कोणी कोणाशी बोलत नसे, कारण बोललेले ऐकूच येत नसे! हे त्यांनी हसत हसत सांगितले, आम्हीही हसलो. त्या हसण्यामागे काय दडले आहे, ते पुढे येईलच.

पहिले दार : डोळे

संध्याकाळी मुख्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिला धक्का कानांना बसला नाही, डोळ्यांना बसला. प्रवेशद्वारावर प्रत्येकाला प्लॅस्टिकसारखे दिसणारे मनगटी पट्टे दिले होते. दिवे मालवले आणि ते सगळे पट्टे एकदम पेटले. नियंत्रण कक्षातून संकेत सुटतात आणि त्यांप्रमाणे हजारो मनगटे रंग बदलतात. हा वाद्यवृंद २०१२ च्या दौऱ्यापासून असे पट्टे वापरतो. 'येलो' या त्यांच्या जुन्या गाण्याला सारे स्टेडियम हळदीच्या रंगाचे झाले. समोरच्या स्टँडमधील माणसे दिसेनाशी झाली आणि उरला तो फक्त लुकलुकणारा डोंगर.

यात नुसती शोभा नाही. आम्ही बसलो होतो तेथून रंगमंच शंभर-सव्वाशे मीटर तरी दूर असेल. प्रकाशाला हे अंतर म्हणजे काहीच नाही; ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या गतीने चालतो. म्हणजे रंगमंचावरचा ठोका आमच्यापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागणार. भागशाळा मैदानावर लांब उभे राहून क्रिकेट पाहणाऱ्यांना हे ठाऊक असते. बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि 'टक्' मागाहून येतो. स्टेडियममध्येही तेच. ढोलकऱ्याचा हात खाली येताना दिसतो, आणि ठोका किंचित उशिरा पोहोचतो.

मोठ्या मैदानात हा घोळ वाढू नये म्हणून ध्वनितंत्रज्ञ एक युक्ती करतात. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना कर्ण्यांची लांब माळ टांगलेली असते, खाली जाताना किंचित आत वळलेली. वरचे कर्णे लांबच्या लोकांसाठी, खालचे जवळच्यांसाठी. खूप मागच्या श्रोत्यांसाठी मध्ये आणखी मनोरे उभारतात, आणि त्यांचा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडतात, म्हणजे रंगमंचाकडून आलेला आवाज आणि मनोऱ्याचा आवाज एकाच वेळी कानी पडतो. प्रेक्षकांच्या टाळ्यांना मात्र असे नियंत्रण कोण घालणार? त्यामुळे एवढ्या मोठ्या मैदानात टाळ्यांचा ठेका कधीच एकसंध नसतो. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाटेसारखा सरकतो. मनगटांवरचे दिवे मात्र सगळ्यांचे एकाच क्षणी लागतात आणि विझतात. कानांना जी एकी साधत नाही, ती डोळे साधून देतात. हजारो अनोळखी माणसांत आपण 'एक' आहोत असे जे वाटते, त्याचा बराचसा वाटा या डोळ्यांच्या दाराने येतो.

दुसरे दार : अंग

दोन-तीन गाणी झाली. आजूबाजूचे सगळे उभे होते, ओरडत होते. मी बाबांकडे पाहिले. ते उभे होते, पण रंगमंचाकडे पाहत नव्हते. पुढच्या लोखंडी कठड्यावर त्यांनी दोन्ही तळहात सपाट टेकले होते आणि डोळे मिटले होते. मला वाटले, त्रास होतो आहे. दंडाला हात लावून खुणेने विचारले. त्यांनी माझा हात धरून कठड्यावर ठेवला.

कठडा थरथरत होता. बेस गिटारचा प्रत्येक स्वर आणि मोठ्या ड्रमचा प्रत्येक ठोका त्या लोखंडात वेगवेगळा कळत होता. मग लक्षात आले की तो माझ्या छातीतही कळतो आहे, पायांखालच्या काँक्रीटमध्येही कळतो आहे. फक्त इतका वेळ माझे तिकडे लक्ष नव्हते.

याचे कारण असे. नेहमीच्या चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी निघते आठ मीटरहून अधिक. एवढी लांब लहर माणसांच्या गर्दीने अडत नाही. ती वळसा घालून येते. बारीक, उंच स्वर मात्र गर्दीत, कपड्यांत, वाऱ्यात विरून जातात. रस्त्यावरून मिरवणूक जात असता खिडक्या बंद केल्या तर गाणे ऐकू येत नाही, पण 'धम् धम्' घरात येतेच आणि कपाटातील भांडी वाजतात, ते याचमुळे. अशी जोरदार लहर छातीच्या पोकळीला हलवते. त्वचेखाली कंपने टिपणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात, ती जागी होतात. तळहात आणि तळपाय यांत ती विशेष असतात. बाबांनी तळहात टेकले ते कोणते पुस्तक वाचून नव्हे. यंत्र ठीक चालले आहे की नाही ते त्याच्या अंगावर हात ठेवून ओळखायचे, ही कामगाराची जुनी सवय.

आणखी एक गोष्ट वाचनात आली ती मोठी मौजेची. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारा एक भाग असतो. इंग्लंडमधील टॉड आणि कोडी या संशोधकांनी २००० साली असे मांडले की सुमारे ९० डेसिबलच्या पुढचा दणदणीत आवाज या भागालाही चेतवतो. झोपाळ्यावर बसल्यावर पोटात जे गोड कालवते, त्याच जातीचे सुख मोठ्या आवाजातून मिळत असावे, असा त्यांचा तर्क. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रत्यक्ष मैफलीत गुपचूप केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. कानाला जवळजवळ ऐकू न येणारे अतिखर्ज ध्वनी सोडणारे कर्णे ते मधून मधून चालू-बंद करीत राहिले. ते चालू असताना लोकांचे नाचणे सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. आपण काही ऐकतो आहोत याचा नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता! तेव्हा 'पाय आपोआप थिरकतात' हे वाक्य आपण समजतो त्याहून अधिक खरे आहे.

मध्येच बाबा माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "आमच्या प्रेससारखाच आहे ग. पण प्रेस कधी थांबत नाही. हा थांबतो." लयीची याहून सोपी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

तिसरे दार : कान

आता सर्वांत नाजूक दाराकडे येते. हा वाद्यवृंद ठाणे जिल्ह्यात येणार म्हटल्यावर जिल्हा बालसंरक्षण कक्षाने एक नोटीस काढली होती. लहान मुलांना कानांच्या संरक्षणाशिवाय आत घेऊ नये, अशी तिच्यात सूचना होती. ती बातमी आम्ही वर्गात हसण्यावारी नेली. मैफलीत चार-पाच गाण्यांनंतर बाबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी पिशवी काढली. तीत नारिंगी रंगाचे फोमचे दोन बोळे होते. कारखान्यात शेवटच्या काही वर्षांत ते वाटले जात. जो घाली त्याची इतर कामगार थट्टा करीत, म्हणून बाबांनीही घातले नाहीत. ती न उघडलेली पिशवी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "घाल. माझे गेले ते गेले."

मला राग आला. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे मोजून कान बंद करायचे? पण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. बोळा चिमटीत दाबून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बाबांनी हे सगळे खुणांनी शिकवले.

आपल्या प्रत्येक कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीने त्यांची सूक्ष्म केसरे लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने गवत लवते आणि पुन्हा उभे राहते, तसेच हे. पण वारा फार वेळ, फार जोरात वाहिला तर काही पाती पुन्हा उभी राहत नाहीत. गवत नव्याने उगवते. माणसाच्या केशपेशी मात्र एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. मोठा आवाज झाला की कानातला एक इवलासा स्नायू ताठ होऊन बचाव करू पाहतो. पण त्याला किंचित वेळ लागतो आणि ड्रमचा ठोका तोवर आत पोहोचलेला असतो.

किती आवाज म्हणजे फार? डेसिबलचे गणित फसवे आहे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील. ८८ मध्ये चार. आणि असे निम्मे-निम्मे करत गेले की १०० डेसिबलमध्ये अवघी पंधरा मिनिटे. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मैफलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मानक ठरवले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. मैफल चालते दोन तास. नीट बसलेला बोळा वीस किंवा त्याहूनही अधिक डेसिबल कमी करतो. आकडेमोड वाचकांनीच करावी.

आवाजाने कान जातात तेव्हा सगळे एकदम जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. आधी जातात ते उंच स्वर, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच आणि दुबळ्या ध्वनींवर अवलंबून असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. म्हणून अशा माणसाला 'आवाज येतो, शब्द येत नाहीत'. बाजारात भाजीवाला 'साठ' म्हणतो आणि बाबांना 'आठ' ऐकू येते. यावर आम्ही घरात कितीदा हसलो आहोत! त्यांच्या कानातला 'स' गेला आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. नाट्यसंगीत का सुटले, तेही आता कळते. ज्या गाण्यात सारा जीव शब्दांत आणि बारीक हरकतींत असतो, तेच त्यांच्यासाठी आधी विझले. उलट जी मैफल 'निव्वळ गोंगाट' म्हणून हिणवली जाते, तिने त्यांच्यासाठी दुसरे दार उघडे ठेवले होते.

बोळे घातल्यावर मैफल संपली का? मुळीच नाही. पहिली दोन मिनिटे सगळे पाण्याखाली गेल्यासारखे वाटले. मग गंमत झाली. आजूबाजूच्या किंकाळ्या मागे हटल्या, गाणे थोडे दबले पण स्पष्ट राहिले. आणि छातीतला ठोका तर तसाच होता, कारण तो कानातून येतच नव्हता! दिवेही तसेच होते. तीनपैकी एक दार मी थोडे लोटून घेतले होते, बंद केले नव्हते. शेवटी आतषबाजी झाली, दिवाळीच्या पहाटेसारखा दारूचा वास पसरला, रंगीत कागदांचा पाऊस पडला. माझ्याइतकीच नाचलेली मुलगी त्या रांगेत दुसरी नसेल.

आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते गायक-वादक काय करतात? ते तर केव्हाच शहाणे झाले आहेत. रंगमंचावर त्यांच्या कानांत घट्ट बसणारी छोटी श्रवणयंत्रे असतात. हवा तेवढाच आवाज त्यांतून येतो आणि बाहेरचा अडतो. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन याच्या कानांत गेली कित्येक वर्षे सतत आवाज घुमतो, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. तरुणपणी मोठ्या आवाजात संगीत ऐकल्याचा तो परिणाम. आता तो कानांना संरक्षण लावल्याशिवाय गात नाही. त्याच्याच मैफलीत आपण उघड्या कानांनी उभे राहतो आणि त्याला शौर्य समजतो!

परतीच्या गाडीत आमच्याच वर्गातील काही मुले भेटली. ती एकमेकांशी ओरडून बोलत होती. आपण ओरडतो आहोत हे त्यांना कळत नव्हते. एकाच्या कानात पुढे दोन दिवस शिट्टी वाजत राहिली. तेव्हा मला सरांची शेवटची कल्याण लोकल आठवली. मैफलीनंतर कान बसतात आणि सकाळी उघडतात, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण ती केशपेशींनी दिलेली सूचना असते, आणि दरवेळी सगळ्याच पेशी उठून उभ्या राहतात असे नाही.

हा प्रश्न काही केवळ परदेशी वाद्यवृंदांचा नाही. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि आता आपल्या भागातील अनेक शहरांत ती निघते. ढोल-ताशाच्या पथकांत आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलेमुली हौसेने वाजवतात. ढोलाचा खर्ज अंगाला भिडतो. ताशाचा तडतडाट मात्र उंच पट्टीचा, आणि तो वाजवणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. शिवाय सराव महिना-महिना चालतो. आपल्या स्नेहसंमेलनात कर्ण्यांच्या भिंतीला टेकून नाचणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे. आनंद कमी करा असे मी म्हणत नाही. आनंदाची बाकीची दोन दारे सताड उघडी ठेवा. ती झिजत नाहीत. तिसऱ्याला थोडे सांभाळा. फोमच्या बोळ्यांची जोडी वडापावापेक्षा फार महाग नसते.

मैफलीनंतर महिन्याभराने बाबा आपणहून म्हणाले, "कान तपासून घेऊ या का?" इतकी वर्षे आम्ही मागे लागलो होतो, तेव्हा त्यांनी दाद दिली नव्हती. तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडे सपाट चालत आली आणि चार हजारांच्या आकड्यापाशी दरीत कोसळावी तशी खाली गेली. आता त्यांनी यंत्र घेतले आहे. गेलेले सगळे परत आलेले नाही. बाजारात अजूनही कधीकधी साठचे आठ होतात. पण आता ते मान डोलावून पुढे जात नाहीत, थांबून पुन्हा विचारतात. आणि मी घरी मोठ्याने गाणी लावली की स्वयंपाकघरातून येऊन आवाज कमी करतात, मग कर्ण्याच्या खोक्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहतात.